चौथं सिमेंट

१८४२ साली ब्रिटिश सरकारने लंडनमध्ये एक छोटी प्रयोगशाळा थाटली, ती तंबाखूतली भेसळ पकडायला. तंबाखूवरचा कर ही सरकारी तिजोरीची मोठी मिळकत होती, आणि व्यापारी साखरेपासून इतर झाडांच्या पाल्यापर्यंत काहीबाही मिसळून वजन वाढवत नि कर बुडवत. अबकारी खात्यातल्या जॉर्ज फिलिप्स यांच्याकडे ही तपासणी सोपवली गेली. पुढे इतर मालाचे नमुनेही तिथे येऊ लागले, पसारा वाढत गेला आणि तिची ‘लॅबोरेटरी ऑफ द गव्हर्न्मेंट केमिस्ट’ झाली. सव्वाशेहून जास्त वर्षांनी, १९६९मध्ये, याच सरकारी प्रयोगशाळेत दात भरायचं एक नवं सिमेंट तयार झालं. तंबाखूपायी जन्मलेल्या संस्थेने दातांवर असे उपकार करावेत हा योगायोगच, पण गमतीचा आहे खरा.

ग्लास आयोनोमर सिमेंट हे त्याचं नाव. दाताचे डॉक्टर मदतनिसाला ‘जीआयसी घे’ म्हणतात, ते हेच. हिरडीलगत झिजलेल्या दातावर लावलेलं पांढरट फिलिंग, रूट कॅनालनंतरची कॅप ज्याने चिकटवतात तो मसाला, लहान मुलाच्या दुधाच्या दाढेत भरलेलं सिमेंट, यांतलं काही ना काही आपल्यापैकी अनेकांच्या तोंडात आहे. ताकदीच्या परीक्षेत ते चांदीच्या फिलिंगपुढे कधीच उभं राहिलं नाही, दिसण्यात दातासारख्या रंगाच्या कॉम्पोझिट फिलिंगची सर त्याला आली नाही. तरी पन्नास वर्षांनंतरही ते टिकून आहे, आणि गेल्या काही वर्षांत तर त्याचं महत्त्व वाढलंय. हे कसं झालं ते समजायला आधी त्या काळात दात कसे भरले जात ते पाहायला हवं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दंतवैद्यकावर शिकागोच्या ग्रीन वार्डिमन ब्लॅक यांचा शब्द चालत असे. त्यांचा ‘ऑपरेटिव्ह डेंटिस्ट्री’ हा दोन खंडांचा ग्रंथ १९०८मध्ये आला आणि पुढच्या कित्येक पिढ्या त्यावरच शिकल्या. दाढा भरायला तेव्हा अमाल्गम वापरत. चांदी, कथील नि तांबं यांची पूड जवळजवळ तेवढ्याच वजनाच्या पाऱ्यात घोटायची की अमाल्गम तयार. आपल्याकडे लोक ‘दाढेत चांदी भरली’ म्हणतात ती हीच. अमाल्गम कणखर, पण दाताला चिकटत नाही. ते निसटू नये म्हणून खड्डा तळाशी रुंद आणि तोंडाशी अरुंद कोरावा लागे. वर ब्लॅक यांचा नियम असा की, कीड जिथवर आहे तिथवरच थांबायचं नाही. दाढेवरच्या ज्या खाचांत पुढेमागे कीड लागू शकेल, त्याही आत्ताच कापून भरून टाकायच्या. लोकांना नीट दात घासायला शिकवलेलंच नव्हतं त्या काळात या नियमाला अर्थ होता. पण त्याची किंमत निरोगी दात चुकवत होता. फिलिंग कधी ना कधी खराब होतं. ते काढून नवं भरताना खड्डा आणखी वाढतो, मग आणखी, आणि शेवटी दाढेच्या भिंतीच उरत नाहीत.

समोरच्या दातांत चांदी चालत नसे. तिथे सिलिकेट सिमेंट भरत. १८७०च्या दशकात इंग्लंडमध्ये थॉमस फ्लेचर यांनी त्याची सुरुवात केली आणि विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनांनी ते वापरण्याजोगं केलं. ॲल्युमिनियम आणि सिलिका असलेल्या काचेची बारीक पूड फॉस्फोरिक आम्लात कालवायची, बस. भरल्या दिवशी ते अगदी दातासारखं दिसे. मग हळूहळू विरघळू लागे, डाग धरी, आणि तोंडाने श्वास घेणाऱ्या माणसाच्या दातात वाळून तडकेसुद्धा. त्यातल्या आम्लाने नस दुखावली जाण्याची भीती, ती वेगळीच.

या सगळ्या दोषांत एक विचित्र गुण होता. सिलिकेट फिलिंग झिजायचं, पण त्याच्या कडेने नवी कीड सहसा लागत नसे. यामागे होतं फ्लोराइड. काच वितळवायला भट्टीचं तापमान फार चढवावं लागतं. ते जरा खाली यावं म्हणून कारखानदार मिश्रणात फ्लोराइडचा क्षार घालत. दातांचा विचार त्यात कुणीच केलेला नव्हता. काचेच्या भट्टीची सोय म्हणून घातलेलं ते फ्लोराइड फिलिंगमधून थोडं थोडं पाझरत राही.

१९६०च्या दशकात सिलिकेटचे दिवस भरत आले होते. अमेरिकेत मायकेल बुओनोकोर यांनी १९५५मध्येच दाखवून दिलं होतं की, एनॅमलवर क्षणभर आम्ल लावून तो खरबरीत केला की त्यावर प्लास्टिक घट्ट बसतं. पाठोपाठ रे बोवेन यांचं रेझिन आलं आणि आजच्या कॉम्पोझिट फिलिंगचा पाया घातला गेला. सगळ्यांचं लक्ष तिकडे गेलं. नेमक्या त्याच सुमाराला ॲलन विल्सन आणि त्यांचे सहकारी लंडनच्या त्या सरकारी प्रयोगशाळेत सिलिकेट सिमेंट का विरघळतं याचा शोध घेत बसले होते. मावळत्या मालाची ही शवचिकित्साच म्हणायची. पण सरकारी प्रयोगशाळेला पुढच्या तिमाहीत माल विकून दाखवायचा नसतो, हे इथे पथ्यावर पडलं. सिमेंटला घट्ट धरून ठेवतं ते सिलिकाचं जेल, अशी तोवरची समजूत होती. प्रत्यक्षात काचेतून सुटलेलं ॲल्युमिनियम आणि आम्लातलं फॉस्फेट यांची जोडी ते काम करते, हे विल्सन यांच्या गटाने दाखवलं. म्हणजे काच हा नुसता भरावाचा चुरा नव्हता. तिची घडण बदलली तर सिमेंटचा स्वभाव बदलणार होता.

इकडे मँचेस्टरला डेनिस स्मिथ यांनी वेगळीच खटपट केली. झिंक ऑक्साइडची पूड आणि फॉस्फोरिक आम्ल यांचं सिमेंट कॅप बसवायला जवळजवळ शतकभर वापरात होतं. स्मिथ यांनी पूड तीच ठेवली आणि आम्ल बदललं. फॉस्फोरिकच्या जागी पॉलिअ‍ॅक्रिलिक आम्ल घेतलं. त्याच्या लांबलचक रेणूवर जागोजागी आम्लाचे गट असतात. दातातलं कॅल्शियम हे गट धरून ठेवतात, आणि रेणू अवजड असल्यामुळे नसेपर्यंत झिरपून तिला छळतही नाहीत. १९६८मध्ये स्मिथ यांनी हे पॉलिकार्बॉक्सिलेट सिमेंट जाहीर केलं. दाताला खरोखर चिकटणारं हे पहिलं सिमेंट. दोष एकच, ते अपारदर्शक होतं. दिसेल अशा जागी भरण्याच्या कामाचं नव्हतं.

आता सगळा हिशेब एका चौकटीत मांडता येतो. पुडी दोन, झिंक ऑक्साइड आणि काच. आम्लं दोन, फॉस्फोरिक आणि पॉलिअ‍ॅक्रिलिक. झिंक आणि फॉस्फोरिक हे जुनं सिमेंट, काच आणि फॉस्फोरिक हे सिलिकेट, झिंक आणि पॉलिअ‍ॅक्रिलिक हे स्मिथ यांचं. चौथं घर रिकामं होतं: काच आणि पॉलिअ‍ॅक्रिलिक. कागदावर हे इतकं सरळ दिसतं की, ते आधी कुणाला कसं सुचलं नाही असं वाटावं. पण विल्सन यांनी बाजारातली सिलिकेटची पूड पॉलिअ‍ॅक्रिलिक आम्लात कालवून पाहिली तेव्हा हाती आला एक चिकट, हट्टी लगदा. तो घट्ट व्हायलाच तयार नव्हता आणि झाला तरी पाण्यात टिकत नव्हता. नवं आम्ल फॉस्फोरिकपेक्षा बरंच सौम्य. जुन्या काचेवर त्याचा अंमल चालत नव्हता.

विल्सन आणि ब्रायन केंट यांनी मग काच बदलायला घेतली. ॲल्युमिनियमचं प्रमाण सिलिकाच्या मानाने वाढवलं की काच आम्लापुढे लवकर शरण येते, हे लक्षात आलं. एकामागून एक मिश्रणं वितळवून, थंड पाण्यात ओतून, दळून पाहिली गेली. केंट यांना भरपूर फ्लोराइड असलेली एक काच सापडली. नोंदवहीत तिचं नाव जी-२०० आणि तिच्यापासून बनलेल्या सिमेंटचं नाव ‘आस्पा’. १९६९मध्ये त्याचा शोध नोंदला गेला, हक्क सरकारच्याच नॅशनल रिसर्च डेव्हलपमेंट कॉर्पोरेशनकडे राहिले, आणि १९७२च्या ब्रिटिश डेंटल जर्नलमधल्या लेखाने दंतवैद्यांना त्याची ओळख झाली.

ओळख झाली, पण सिमेंट अजून वापरण्याजोगं नव्हतं. कालवताच ते लगेच दाट होई आणि दातात भरल्यावर मात्र घट्ट व्हायला वेळ लावी. डॉक्टरांना हवं असतं नेमकं उलट: हातात असेपर्यंत मऊ राहावं, जागेवर बसलं की झटकन आवळावं. विल्सन आणि स्टीफन क्रिस्प यांना यावर उतारा मिळाला तो टार्टारिक आम्लात. आपल्या चिंचेला आंबटपणा देणारं हेच आम्ल. त्याची थोडी मात्रा काचेतून सुटणाऱ्या ॲल्युमिनियमला सुरुवातीला अडवून धरते आणि मग एकदम मोकळं सोडते. दुसरी अडचण बाटलीतली होती. पॉलिअ‍ॅक्रिलिक आम्लाचा दाट द्राव काही आठवड्यांतच बाटलीतच गोठून बसायचा. त्यात इटाकोनिक आम्लाची जोड देऊन रेणूची रचना जराशी बिघडवली तेव्हा तो टिकू लागला. ‘आस्पा चार’ या नावाने तो प्रकार १९७०च्या दशकाच्या मध्यावर डी ट्रे कंपनीने बाजारात आणला.

हे सिमेंट दातात करतं तरी काय? पूड आणि द्राव एकत्र आले की आम्ल काचेच्या प्रत्येक कणाचं बाहेरचं कवच पोखरतं. त्यातून कॅल्शियम नि ॲल्युमिनियम सुटतं आणि आम्लाच्या लांब साखळ्या एकमेकींना बांधल्या जातात. आधी कॅल्शियम हात घालतं, म्हणून काही मिनिटांत सिमेंट घट्ट होतं. ॲल्युमिनियमचं काम सावकाश चालतं, ते दिवसभर आणि पुढेही सुरू राहतं. त्याच साखळ्या दातातल्या कॅल्शियमलाही धरतात. फ्लोराइड या बांधणीत गुंतत नाही. ते मोकळं राहून पाझरतं, आणि फ्लोराइडच्या पेस्टने दात घासले की सिमेंट ते थोडंफार परत शोषूनही घेतं. या सगळ्याला पाणी लागतं. नव्या स्लॅबवर गवंडी पाणी मारतो, पण स्लॅब टाकत असतानाच पाऊस आला तर तारांबळ उडते, तसा याचा स्वभाव आहे. ओलं असताना लाळ लागली तर वरचा थर धुपतो. कोरडं पडलं तर तडे जातात आणि ते खडूसारखं दिसू लागतं. म्हणून भरल्याबरोबर वरून व्हार्निश किंवा निदान व्हॅसलिनचा थर द्यायचा.

लंडनचे दंतवैद्य जॉन मॅक्लीन यांनी हे सिमेंट रुग्णांच्या तोंडात नेलं. मॅक्लीन या वाटेला नवखे नव्हते. १९५०च्या सुमारास दाताला चिकटणाऱ्या पहिल्या रेझिनवर त्यांनी काम केलं होतं, आणि १९६५मध्ये ह्यूज यांच्यासोबत ॲल्युमिनाने बळकट केलेली पोर्सिलेनची कॅप घडवली होती. या सिमेंटचं खरं घर कुठलं, हे त्यांनी बरोबर ओळखलं: हिरडीलगतच्या खाचा. ब्रश आडवा नि जोरात घासला, किंवा दातांना काही खरखरीत लावलं, की दाताच्या मानेशी पाचरीसारखी खाच पडते. राखुंडी, कोळशाची पूड आणि मिश्री यांनी दात घासायला सरावलेल्या आपल्या मुलखात अशा खाचा शोधायला दुर्बीण लागत नाही. तिथे कीड नसते, नुसती झीज असते. अमाल्गम भरायचं तर धड असलेला दात मशीनने कोरून खड्डा करावा लागे. मॅक्लीन यांनी खाच साफ केली, सौम्य आम्लाने पुसली, सिमेंट भरलं. मशीन लावायची गरजच पडली नाही. ब्लॅक यांच्या नियमाला पहिला छेद गेला तो असा, कुठलीही घोषणा न होता.

पण बाजारात आस्पाला अपयश आलं. ते अपारदर्शक नि मळकट दिसे, कॉम्पोझिटच्या शेजारी तर फारच. आणि मोठा दोष डॉक्टरांच्या सवयींचा होता. जुनी सिमेंटं अंदाजाने कालवण्यात ज्यांची हयात गेली, त्यांनी हेही तसंच कालवलं. भरायला सोपं जावं म्हणून पूड कमी घेतली, लाळेपासून जपलं नाही, त्याच बैठकीत पाणी मारून घासून चकचकीत केलं. फिलिंग धुपली, तडकली, निघून आली. सिमेंट बदनाम झालं.

ते सावरलं कसं, हे पाहायला कालवणीच्या पॅडकडे जरा जवळून पाहावं. कागदी पॅडवर पुडीचा सपाट केलेला चमचा आणि द्रावाचा मोजका थेंब, बाटली सरळ उभी धरून पाडलेला. पूड दोन भागांत विभागायची. कालवायचा चमचा प्लास्टिकचा किंवा अकीकाचा घ्यायचा, कारण काचेचे कण धातू घासतात आणि मिश्रण करडं पडतं. पहिला भाग द्रावात दुमडून दुमडून घ्यायचा, लगेच दुसरा. कणकेसारखं मळायचं नाही की पॅडभर पसरवायचं नाही, आणि अर्ध्या मिनिटात मोकळं व्हायचं. मिश्रणावर ओली चमक असते. ती आहे तोवर आम्लाचे गट मोकळे आहेत आणि ते दाताला धरतील. चमक गेली की ते एकमेकांतच गुंतले, मग कितीही दाबा, चिकटणार नाही. ॲडलेडचे ग्रॅहम माउंट यांनी ही शिस्त लेखांतून आणि शिबिरांतून दंतवैद्यांच्या गळी उतरवली. जपानची जीसी कंपनी ‘फुजी’ मालिका घेऊन उतरली, जर्मनीची एस्पे ‘केटॅक’ घेऊन. पूड नि द्राव आधीच मोजून भरलेल्या, यंत्रात हलवून मिसळायच्या कॅप्सूल आल्या तेव्हा हाताच्या अंदाजाचा प्रश्नच उरला नाही. १९८८मध्ये विल्सन आणि मॅक्लीन यांचा या सिमेंटवरचा ग्रंथ निघाला तोवर ते विश्वासाचं झालं होतं.

ऐंशीच्या दशकात त्याला बळकट करायचे बरेच प्रयोग झाले. कुणी त्यात अमाल्गमची पूड मिसळली, मॅक्लीन यांनी काचेच्या कणांवर चांदी वितळवून बसवली. रंग गेला आणि ताकद काही फारशी वाढली नाही. त्याहून कामाची ठरली सँडविच पद्धत. खाली एनॅमलच्या आतल्या डेंटीनला चिकटणारं ग्लास आयोनोमर, वर झिजेला नि दिसायला चांगलं कॉम्पोझिट. आणि दशकाच्या अखेरीस आलं ते रेझिन मिसळलेलं, निळ्या प्रकाशाखाली पटकन कडक होणारं सिमेंट. थ्रीएम कंपनीचं ‘व्हिट्रेबाँड’ हे त्यातलं गाजलेलं पहिलं. ते घडवणाऱ्या सुमिता मित्रा कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकलेल्या. मिशिगनमध्ये डॉक्टरेट करून त्या थ्रीएममध्ये गेल्या, पुढे नॅनोकॉम्पोझिटही त्यांनीच आणलं आणि २०१८मध्ये अमेरिकेच्या नॅशनल इन्व्हेंटर्स हॉल ऑफ फेममध्ये त्यांचं नाव लागलं. नव्वदीत कंपन्यांनी ‘कॉम्पोमर’ नावाचा संकर काढला. त्यात रेझिन इतकं होतं की, जात्याच दाताला चिकटण्याचा मूळ गुणच हरवला. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी, त्यातली गत.

एक प्रकरण मात्र दाताबाहेरचं आहे आणि ते टाळून हा इतिहास सांगता येत नाही. हाडालाही चिकटतं म्हटल्यावर कानाच्या आणि कवटीच्या तळाच्या शस्त्रक्रियांत हे सिमेंट वापरायला सुरुवात झाली. १९९४मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये धक्कादायक नोंदी आल्या. अशा शस्त्रक्रियेनंतर काही रुग्णांना झटके येऊ लागले, मेंदू निकामी होत गेला. ओलं सिमेंट मेंदूभोवतीच्या द्रवाला लागलं होतं आणि त्यातलं ॲल्युमिनियम थेट मेंदूपर्यंत पोचलं होतं. काही रुग्ण दगावले. घट्ट होईपर्यंत ॲल्युमिनियम सुटत राहतं, हे रसायन विल्सन यांच्या दिवसांपासून ठाऊक होतं. दातात डेंटीनचा जाड पडदा मध्ये असतो, कवटीच्या उघड्या तळाशी काहीच नसतं. एका जागी गुणी ठरलेला माल दुसरीकडे नेताना जी शंका यायला हवी होती, ती कुणाला आली नाही. कवटीतला तो वापर तिथेच मागे पडला.

या सिमेंटचं नशीब उघडलं ते लंडन-टोकियोपासून फार दूर. १९८०च्या दशकाच्या मध्यावर यो फ्रेंकेन हे डच दंतवैद्य टांझानियात काम करत होते. गावांत वीज नाही, पाण्याचा नळ नाही. मदत म्हणून आलेली फिरती दंतयंत्रं सुटे भाग नसल्यामुळे गंजत पडलेली. दाढ दुखली की एकच उपाय, उपटणे. फ्रेंकेन यांना वाटलं, मऊ झालेली कीड हाताच्या हत्यारांनी खरवडून काढता येते, मग मशीन हवीच कशाला? खड्डा भरायला दाताला चिकटणारं काहीतरी हवं, म्हणजे खड्ड्याला आकार देण्याची कटकट राहणार नाही. सुरुवात त्यांनी स्मिथ यांच्या पॉलिकार्बॉक्सिलेट सिमेंटने केली. पुढे जागा घेतली ग्लास आयोनोमरने.

पद्धत साधी. गावातल्या शाळेचं एक टेबल. मूल त्यावर आडवं, डॉक्टर डोक्याशी बसलेला. कापसाच्या वळकट्यांनी दाढेभोवतीची लाळ अडवायची. कडेचा एनॅमल हाताने चालवायच्या धारदार हत्याराने फोडून खड्ड्याचं तोंड रुंद करायचं, आणि चमच्यासारख्या एक्सकॅव्हेटरने कीड काढायची, आधी कडांची, मग तळाची. नसेजवळ असेल तर अगदी तळाचा थर राहू द्यायचा, तो सीलबंद झाला की कीड पुढे सरकत नाही. सिमेंट भरून हातमोज्याच्या बोटाला व्हॅसलिन लावायचं आणि त्याच बोटाने अर्धं मिनिट दाबून धरायचं. खड्ड्याबरोबर शेजारच्या बारीक खाचाही त्यात भरतात. जादा झालेलं काढायचं, चावून पाहायला लावायचं, आणि तासभर काही खाऊ नको म्हणून सांगायचं. भुलीची सुई बहुतेकांना लागत नाही. मशीनचा आवाज नसल्यामुळे मुलं घाबरत नाहीत, हे या पद्धतीचं निम्मं यश.

१९९१मध्ये थायलंडच्या ईशान्य भागातल्या खेड्यांत ती मोठ्या प्रमाणावर तपासली गेली. तीन वर्षांनी कायमच्या दातांतली एका पृष्ठभागावरची ७१ टक्के फिलिंग शाबूत होती. फिरतं यंत्र नेऊन भरलेल्या अमाल्गमची ८५ टक्के. म्हणजे सिमेंट हरलं होतं. पण वीज नसलेल्या गावात चारातले जवळजवळ तीन दात वाचले होते, जे एरवी उपटले गेले असते. १९९३मध्ये झिंबाब्वेत सुरू झालेल्या प्रयोगात सुधारलेलं सिमेंट आणि चांगलं प्रशिक्षण होतं. तिथे तीन वर्षांचा आकडा ८८ टक्क्यांवर गेला. ७ एप्रिल १९९४च्या जागतिक आरोग्य दिनाचा विषय मुखाचं आरोग्य हाच होता. त्या दिवशी जागतिक आरोग्य संघटनेने ‘एआरटी’ म्हणून ही पद्धत जगापुढे ठेवली. पाठोपाठ कंपन्यांनी खास तिच्यासाठी दाट, बळकट सिमेंट काढलं. जीसीचं ‘फुजी नाइन’ त्यातलंच. आपल्याकडच्या शिबिरांत आणि तालुक्याच्या गावच्या दवाखान्यांत आज जी पांढरी फिलिंग भरली जातात त्यांत हे दाट सिमेंट नेहमीचं झालंय.

स्कॉटलंडमध्ये नॉर्ना हॉल यांनी तर आणखी पुढची मजल मारली. दुधाच्या दाढेतली कीड काढायचीच नाही, वरून तयार स्टीलची कॅप ग्लास आयोनोमर लावून दाबून बसवायची. शास्त्रात हे बसत नव्हतं. पण त्यांच्या दवाखान्यातल्या अनेक वर्षांच्या नोंदी २००६मध्ये प्रसिद्ध झाल्या, पुढच्या वर्षी चाचणीचे निकाल आले आणि विद्यापीठांना ती पद्धत शिकवावी लागली.

फ्लोराइडच्या बाबतीत मात्र जाहिरातींवर जरा बेतानेच विश्वास ठेवलेला बरा. प्रयोगशाळेत फ्लोराइड पाझरताना दिसतं, यात वाद नाही. पण माणसांच्या तोंडात त्यामुळे नेमकी किती कीड टळते, याचे पुरावे इतके ठाम नाहीत. माझ्या मते या सिमेंटचा मोठा गुण फ्लोराइड नसून चिकटणं हाच. दात न कापता भरता येणं ही त्याची खरी देणगी.

चांदीचं पर्व आता संपत आलंय. पाऱ्याच्या प्रदूषणावरचा मिनामाता करार २०१३मध्ये झाला, २०१७मध्ये अमलात आला, भारताने २०१८मध्ये त्याला मंजुरी दिली. २०२२च्या दुरुस्तीने पंधरा वर्षांखालच्या मुलांच्या दातांत आणि गरोदर नि स्तनदा स्त्रियांच्या दातांत अमाल्गम भरणं थांबवायला सांगितलं. युरोपीय संघाने १ जानेवारी २०२५पासून, अपवादाची प्रकरणं सोडून, ते बंद केलं, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जिनिव्हाला सदस्य देशांनी २०३४ ही जगभराची मुदत ठरवली. दरम्यान २०२१मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अत्यावश्यक औषधांच्या यादीत ग्लास आयोनोमर सिमेंटला जागा दिली.

म्हणजे आता चांदीचं ओझं याच सिमेंटच्या खांद्यावर येणार, निदान जिथे कॉम्पोझिटचा खर्च नि भरताना दात कोरडा ठेवण्याची त्याची अट परवडत नाही तिथे. ते पेलेल का? जगभरच्या एआरटी चाचण्या एकत्र करून २०१२मध्ये काढलेला हिशेब असा: कायमच्या दाढेतली एका पृष्ठभागावरची फिलिंग पाच वर्षांनी ८० टक्के टिकून होती. दुधाच्या दातांत एका पृष्ठभागाची दोन वर्षांनी ९३ टक्के, पण दोन दातांच्या मधला भाग ज्यात येतो अशी ६२ टक्केच. चावताना जिथे फिलिंगचा कोपरा वाकतो, तिथे काचेचं हे सिमेंट अजूनही मोडतं. विल्सन आणि केंट यांच्या पहिल्या बाटलीतही हाच दोष होता.